उंबरठ्यापलीकडचं क्रियापद

फ्रेंचमध्ये माणूस गेल्याचं दोन तऱ्हांनी सांगता येतं. 'ती गेली हे मला माहीत आहे' असं म्हणायचं असेल तर 'ज से केल ए मॉर्त'. 'ती गेली याचं मला दुःख आहे' असं म्हणायचं असेल तर 'ज स्वी त्रिस्त केल स्वा मॉर्त'. बाई तीच, जाणं तेच, तारीखवारही तोच. पण पहिल्या वाक्यातल्या 'ए'चा दुसऱ्यात 'स्वा' झाला. पहिलं रूप अँदिकातिफ, म्हणजे आपल्या व्याकरणातला स्वार्थ. जे घडलं ते घडलं, एवढंच तो सांगतो. दुसरं सब्जाँक्तिफ, आणि गोष्ट होऊन गेलेली असल्यामुळे सब्जाँक्तिफ पासे. आधी दुःखाचा उच्चार झाला की मागून येणारी घटना कितीही पक्की असो, तिला रूप बदलूनच यावं लागतं.

हे मला आत्याने शिकवलं. आता तिच्याचबद्दल ही दोन्ही वाक्यं मला म्हणता येतात.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ती फ्रेंच शिकली, तेव्हा घरातल्या कुणालाच या भाषेचं काय करायचं ते कळत नव्हतं. गास्ताँ मोझे यांचं १९५३ साली निघालेलं निळं पुस्तक तिच्या कपाटात अखेरपर्यंत होतं, कडा चिकटपट्टीने सांधलेलं. आधी तिने कॉलेजात शिकवलं, मग सदाशिव पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत शिकवण्या घेतल्या. अकरावी-बारावीची मुलं यायची ती 'स्कोअरिंग विषय' म्हणून. नंतरच्या काळात डेल्फची बी-वन परीक्षा देणारी, फ्रान्सला शिकायला जाणारी मोठी मुलंही येऊ लागली. सगळे तिला मादाम म्हणायचे. त्याच वर्गात मागे भिंतीला टेकून बसलेली मी एकटी आत्या म्हणायचे, आणि त्याबद्दल मला वर्गात जादा प्रश्न विचारले जायचे.

सब्जाँक्तिफला मुलं घाबरतात, कारण पुस्तकात त्याची भलीमोठी यादी असते. आनंद, भीती, शंका, इच्छा, गरज यांच्या पुढे ते येतं, 'जरी'च्या पुढे येतं, 'आधी'च्या पुढे येतं. आत्याने यादी कधी पाठ करून घेतली नाही. दोन वाक्यांच्या मधे जो 'क' येतो, आपल्या 'की'सारखा, त्याच्यावर ती बोट ठेवायची. "हा उंबरठा. अलीकडे कोण बसलंय ते आधी बघ. जाणणारा, बघणारा, सांगणारा बसला असेल तर पलीकडचं क्रियापद साधं. घाबरणारा, खूश होणारा, हळहळणारा बसला असेल तर पलीकडचं क्रियापद त्याच्या मनासारखं बदलणार." मग फळ्यावर लिहायची: 'तू आलास याचा मला आनंद आहे.' 'ज स्वी काँताँत क त्यु स्वा व्हन्यु.' "तो आलाय ना? समोर बसलाय ना? मग शंका कसली? शंका नाहीच. पण तू खूश झालीस, आता त्याचं येणं नुसतं येणं राहिलं नाही."

रूप बनवायला मात्र सोपं. धातूचं भूतकाळी रूप तेच, जे पासे काँपोजेत, म्हणजे नेहमीच्या भूतकाळात, असतं. बदलतं ते आधीचं साहाय्यक क्रियापद. बहुतेक क्रियापदांना 'आव्ह्वार', म्हणजे 'जवळ असणं', लागतं, त्याचा 'ए' होतो. जाणं, येणं, निघणं, पोचणं, चढणं, पडणं, राहणं अशा थोड्या क्रियापदांना 'एत्र्', म्हणजे नुसतं 'असणं', लागतं, त्याचा 'स्वा' होतो. ही 'एत्र्'वाली क्रियापदं शिकवताना जगभरचे मास्तर एक घर काढतात. दारातून कुणी आत येतो, कुणी जिना चढतो, कुणी पडतो, कुणी निघून जातो. आत्याच्या फळ्यावर त्या घराच्या एका खिडकीत पाळणा असायचा आणि मागच्या दारी तिरडी. जन्मणं आणि मरणं दोन्ही या घरातली. एकदा एका मुलाने विचारलं, "मादाम, आणि जगणं?" आत्या म्हणाली, "ते या घरात नाही. 'व्हिव्र'ला 'आव्ह्वार' लागतं. जन्मायला आणि मरायला नुसतं असावं लागतं. जगायला जवळ काहीतरी असावं लागतं." हे भाषाशास्त्र नव्हे, हे तिलाही ठाऊक होतं. पण ते क्रियापद त्या वर्गातलं कुणी कधी चुकलं नसेल.

एका गोष्टीवर ती नेहमी हसायची. 'एत्र्'च्या सब्जाँक्तिफमध्ये मी-तू, तो, ते यांचं क्रियापद लिहिताना वेगवेगळं, शेवटी कधी एस, कधी टी, कधी ईएनटी. उच्चार सगळ्यांचा एकच, 'स्वा'. तीच गत 'आव्ह्वार'च्या 'ए'ची. फक्त 'आम्ही' आणि 'तुम्ही' आले की आवाज बदलतो, 'स्वायाँ', 'स्वाये'. येणारी बाई असेल तर 'व्हन्यु'ला शेवटी आणखी एक ई लागतो, तोही ऐकू येत नाही. पण 'मॉर' या शब्दाला स्त्रीलिंगाचा ई लागला की गप्प बसलेला त बोलू लागतो आणि 'मॉर्त' होतं. "आलेली बाई कानाला कळत नाही, गेलेली कळते," आत्या म्हणायची, आणि पुढच्या उदाहरणाकडे वळायची.

बाबा गेले ते अचानक, हृदयविकाराने. दिवसांत भेटायला येणारा जो तो आपला 'जर' घेऊन आला. वेळेवर नेलं असतं तर. महिनाभर आधी तपासून घेतलं असतं तर. त्या दिवशी जिना चढले नसते तर. आपल्याकडे समाचाराला आलेला माणूस सतरंजीवर टेकला की संकेतार्थातच बोलू लागतो. आई प्रत्येकाच्या 'तर'पाशी नव्याने रडायची. आत्या सगळ्यांना चहा देत होती, कुणाला काही बोलली नाही. रात्री भांडी आवरताना तिने मला विचारलं, "'सी'च्या पुढे सब्जाँक्तिफ येतं का गं?"

'सी' म्हणजे जर. मी म्हटलं, "नाही."

"का येत नाही?"

मला नियम माहीत होता, कारण माहीत नव्हतं.

"जुन्या पुस्तकांत कधी येतं, ते सोड," ती म्हणाली. "बोलताना येत नाही. मी आपली माझ्यापुरती अशी समजूत घातली आहे की 'जर' म्हणणारा माणूस घडलेल्याकडे बघतच नाही. तो दुसरंच काही रचत बसतो. आणि आपल्याला रचायचं काही नाहीये. तो गेला. आणि तो गेला याचं मला दुःख आहे. एवढंच वाक्य आहे माझं. यात 'जर' बसवायला जागा कुठाय?"

तेव्हा ते मला कोरडं वाटलं होतं. धाकटा भाऊ गेला त्या आठवड्यात ही बाई व्याकरण काढते! पण त्या घरात रोज रात्री अंथरुणाला पाठ टेकली की झोपू शकणारी ती एकटीच होती, आणि रोज सकाळी उठून रडणारीही तीच. बाकीचे आम्ही रात्रभर बाबांना वाचवत बसायचो.

हेच मला पुढे सब्जाँक्तिफ पासेचं खरं काम वाटू लागलं. शोक म्हटला की आपल्याला दोनच वाटा दिसतात. एक 'झालं ते झालं' म्हणून पाठ फिरवण्याची, दुसरी 'असं झालं नसतं तर' म्हणत घोळत राहण्याची. या रूपात तिसरी वाट आहे. त्यातलं भूतकाळी धातुरूप घटना कबूल करतं. ती झाली, संपली, तिच्यात फेरफार नाही. आणि त्याच्या आधीचा 'स्वा' सांगतो की ही घटना कुणाच्या तरी मनावरून गेलेली आहे. दोन्ही एकाच क्रियापदात. कबुली दिली म्हणून दुःख सोडावं लागत नाही, आणि दुःख आहे म्हणून खोटं बोलावं लागत नाही.

आत्या एका उन्हाळ्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाला फ्रान्सला गेली होती, बझाँसाँला. तिथे १९५८पासून परदेशी लोकांना आणि त्यांच्या शिक्षकांना फ्रेंच शिकवणारं केंद्र आहे. जुन्या गावाला दू नदीने वेढा घातलेला, वर डोंगरावर व्होबाँने बांधलेला किल्ला. "पुण्याच्या माणसाला आवडेल असं गाव, मान वर केली की किल्ला," असं ती सांगायची. व्हिक्टर ह्यूगोचा जन्म तिथलाच, २६ फेब्रुवारी १८०२चा. दुसऱ्या दिवशी, २७ला, कुसुमाग्रजांचा वाढदिवस. तिच्या शिकवणीत फेब्रुवारीच्या या दोन दिवसांत अभ्यास बंद असायचा. पहिल्या दिवशी ह्यूगो, दुसऱ्या दिवशी मराठी, आणि दोन्ही दिवस चितळ्यांची बाकरवडी.

ह्यूगोच्या दिवशी ती मोठ्या मुलांना त्याच्या लेकीची गोष्ट सांगे. लिओपोल्दीन १९ वर्षांची, नुकतं लग्न झालेलं. सप्टेंबर १८४३मध्ये व्हिलकियेपाशी सेन नदीत होडी उलटून ती आणि तिला वाचवायला गेलेला नवरा दोघं बुडाली. ह्यूगो प्रवासात होता. रोशफोर गावात वर्तमानपत्र उघडलं तेव्हा त्याला कळलं. १८५६च्या 'ले काँताँप्लासियाँ' या संग्रहात तिच्यावरच्या कविता आहेत. त्यांतली सगळ्यांत प्रसिद्ध कविता, फ्रान्समध्ये शाळकरी पोरांना पाठ असते ती, मुलीला 'तू' म्हणून लिहिलेली आहे आणि चालते भविष्यकाळात. कुणीतरी भल्या पहाटे कुणालातरी भेटायला निघणार आहे. ती भेट थडग्यावरची आहे हे शेवटीच उलगडतं.

आत्या मुलांना त्या कवितेतला सब्जाँक्तिफ शोधायला लावायची, मुद्दाम. मुलं शोधत बसायची. लेक वाट बघत असेल याची बापाला ना शंका आहे ना आशा. त्याला ते माहीत आहे. उंबरठ्याच्या अलीकडे त्याने जाणणारा माणूस बसवला, म्हणून मेलेल्या मुलीचं वाट बघणं साध्या, ठाम वर्तमानकाळात येतं. "व्याकरणाने त्याला तेवढी सोय दिली," आत्या म्हणायची. "आणि तो ह्यूगो होता, त्याने ती घेतली. आपल्याला घेता येते असं नाही."

ह्यूगोच्याच वाढदिवशी, २६ फेब्रुवारी १९०१ला, फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी एक फर्मान काढलं होतं. परीक्षेत काय काय चूक धरू नये याची ती यादी. मुख्य क्रियापद 'कराल तर बरं' अशा अर्थाचं असेल आणि मागून जुन्या नियमाने सब्जाँक्तिफचा अपूर्ण भूतकाळ यायला हवा असेल, तिथे मुलाने साधा वर्तमान सब्जाँक्तिफ लिहिला तर चालेल, असं एक कलम त्यात होतं. ही योगायोगाची तारीख आत्याला फार आवडायची. सब्जाँक्तिफला खरे तर चार काळ. त्यांतले दोन, 'पार्लास', 'फ्यु', 'उ' असल्या रूपांचे, बोलण्यातून कधीच गेले. कुणी बोलताना वापरलेच तर ऐकणारे हसतात. कादंबऱ्यांत ते अजून भेटतात, बहुतेकदा तृतीयपुरुषी. आपल्याकडे 'आत्या म्हणे', 'आत्या येई' हा रीतिभूत काळ असाच लिहिण्यापुरता उरला. तोंडात 'म्हणायची', 'यायची' बसलं.

पण गेलेल्या काळांचं काम थांबलं नाही. 'तो निघून गेला होता याचं मला वाईट वाटत होतं' असं पूर्वी म्हणायचं झालं तर 'फ्यु पार्ती' यायचं. आज तिथे 'स्वा पार्ती' येतं. आपलं काम करून शेजारच्या रिकाम्या जागेचंही काम सब्जाँक्तिफ पासेच उरकतो. घरातलं मोठं माणूस गेल्यावर त्याचं बँकेत जाणं, त्याचं वर्षश्राद्धाचं लक्षात ठेवणं, त्याचं लग्नांना हजेरी लावणं ज्याच्या गळ्यात पडतं, त्याला हे वेगळं सांगायला नको.

मी तांत्रिक भाषांतराच्या कामाला लागले, गाड्यांच्या माहितीपुस्तिका. तिथे मनाचा काही संबंध नाही, सगळं 'करा' आणि 'करू नका'. आत्याला मी एकदा सांगितलं की तुझं सब्जाँक्तिफ इथे कुठे भेटत नाही. ती म्हणाली, नीट बघ. आणि एका पुस्तिकेत खरंच ते होतं: 'आताँद्र क ल मोतर ए रफ्र्वादी.' इंजिन थंड होऊन जाईपर्यंत थांबा. वाट बघणं आलं, म्हणून पलीकडे सब्जाँक्तिफ. आणि थंड होणं पुरं व्हायला हवं, म्हणून पासे. भूतकाळ खरा, पण अजून न आलेला. फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ती इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशीच्या वर्गात तेच वाक्य फळ्यावर होतं. त्या वर्षी तिच्या सगळ्या मुलांना इंजिन थंड होऊ द्यायचं असतं हे माहीत झालं.

आत्या आषाढात गेली. आजार थोडा होता, यातना फार झाल्या नाहीत. तिचं सामान आवरताना बझाँसाँच्या मैत्रिणीची पत्रं सापडली. तीही शिक्षिका, आता निवृत्त. दर नव्या वर्षी दोघी एकमेकींना कार्ड पाठवायच्या. जुन्या पत्रांतलं आदराचं 'व्हू' कुठल्याशा वर्षी जवळिकीचं 'त्यु' झालेलं दिसत होतं. तिला कळवणं भाग होतं, आणि घरात फ्रेंच लिहिणारी आता मी एकटी.

कळवण्याचं वाक्य सोपं असतं. कळवणारा सांगणारा असतो, त्यामुळे पलीकडे अँदिकातिफ. 'केल ए मॉर्त.' तारीख, आजाराचं नाव, शेवटी शांत होती एवढं. ते वाक्य लिहिताना हात अडखळला नाही, आणि त्याचं मला त्या वेळी बरंच वाटलं. मी पत्र टाकून आले.

उत्तर आलं ते दिवाळीच्या सुमाराला. निळ्या शाईतलं, थरथरत्या अक्षरांतलं. त्यात सांत्वनाचं फार नव्हतं. तिला आत्याची बाकरवडी आठवत होती, जी बझाँसाँच्या वसतिगृहात सगळ्यांनी मिळून संपवली होती. आणि शेवटी तिने लिहिलं होतं, मला आनंद आहे, 'क नू नू स्वायाँ कॉन्यु'. आम्ही एकमेकींना ओळखलं याचा.

सब्जाँक्तिफ पासे, परस्परांवर होणारं क्रियापद. 'आम्ही' असल्यामुळे 'स्वायाँ', कानाला वेगळं लागणारं. 'कॉन्यु'च्या शेवटी ई आणि एस. ई दोघी बायका म्हणून, एस एकीपेक्षा जास्त म्हणून. दोघींतली एक गेल्याला काही महिने झाले होते, पण व्याकरणाला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. ओळख दोघींची झाली होती, म्हणून एस द्यावाच लागतो. त्या बाईने तो नीट, खालपर्यंत शेपूट ओढून लिहिला होता. कळवण्याचं पत्र लिहिताना जे झालं नव्हतं ते मला त्या एसपाशी झालं. मी बराच वेळ रडले. 'जर' मात्र एकही मनात आला नाही.

फ्रेंचच्या या नियमाला एक अट आहे, जी आत्या नेहमी शेवटी सांगायची. दोन्हीकडे माणूस एकच असेल तर सब्जाँक्तिफ येत नाही. 'मी आले याचा मला आनंद आहे' म्हणताना उंबरठाच गळून पडतो, साधा धातू वापरून काम भागतं. एकट्याच्या आनंदाला, एकट्याच्या पश्चात्तापाला हे रूप मिळत नाही. उंबरठ्याच्या पलीकडे दुसरं कुणी असावं लागतं. ते कुणी हयात असावं, अशी अट मात्र कुठल्याही व्याकरणात नाही.

वर्षाच्या मध्येच मादाम गेल्यामुळे अडकलेली मुलं दारात आली, तेव्हा 'मला शिकवायची सवय नाही' हे मी म्हणून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. आता रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या त्याच खोलीत मी बसते. फळा तोच आहे. घर काढायला मला जमत नाही, मी नुसती नावं लिहिते. मला ती मुलं ताई म्हणतात. मादाम ही जागा कुणी मागितली नाही आणि कुणी दिलीही नाही.

परवा एका मुलीने निबंध आणून दिला. विषय होता 'माझी शिक्षिका'. त्यात तिने लिहिलं होतं, 'आप्रे केल स्वा पार्ती', ती गेल्यानंतर. 'आप्रे क'च्या पुढे नियमाने अँदिकातिफ हवा. 'आधी'च्या पुढे सब्जाँक्तिफ, कारण 'आधी' म्हणताना ती गोष्ट अजून व्हायची असते. 'नंतर' म्हणताना ती होऊन चुकलेली असते. मी 'स्वा' खोडून 'ए' केलं आणि अर्धा मार्क कापला.

"ताई, पण फ्रान्समध्ये सगळे 'स्वा'च म्हणतात," ती म्हणाली. "मी व्हिडिओत ऐकलंय."

म्हणतात, हे खरं आहे. शिकलेसवरलेलेही म्हणतात, आणि व्याकरणवाले वर्षानुवर्षं त्यांना टोकत आलेत. मी तिला म्हटलं, "'नंतर'च्या अलीकडे कोण बसलंय?"

तिने बघितलं. "कुणीच नाही."

"मग 'स्वा' कुणासाठी? तुला वाईट वाटलं ना? मग तसं लिही. आधी स्वतःला बसव, मग वापर."

तिने तिथेच, समासात, तसं वाक्य लिहिलं. 'पार्ती'ला ईसुद्धा आठवणीने लावला. कापलेला अर्धा मार्क मी परत दिला नाही. आत्यानेही दिला नसता.